एअरफोर्समध्ये टेक्निकल म्हणजे मेकॅनिकच का हो सर?

पत्र: "सर, मी कराडची, वय २३, मेकॅनिकल इंजिनिअर. हिंजवडीत एका कंपनीत दीड वर्षं डिझाईनचं काम करतेय. एएफकॅट ही एअरफोर्सची प्रवेश परीक्षा दिली, म्हैसूरला एसएसबी म्हणजे निवडीच्या चाचण्या आणि मुलाखत झाली, मेडिकल झालं आणि आता टेक्निकल ब्रँचच्या शॉर्ट सर्व्हिसच्या मेरिट लिस्टमध्ये नाव आलंय. जानेवारीत हैदराबादजवळ दुंडिगलच्या एअरफोर्स अकॅडमीत हजर व्हायचंय. चष्म्यामुळे फ्लाइंगचा प्रश्नच नव्हता. पप्पा एसटी डेपोच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहेत. ते म्हणतात, मी जन्मभर ग्रीसमध्ये हात घातले, ते तूपण घालावेस म्हणून शिकवलं का तुला? काका म्हणतात तिथं पायलटांचंच राज्य असतं, टेक्निकलवाला कधी चीफ होत नाही, आणि दहा वर्षांनी पेन्शनशिवाय घरी पाठवतात. मला फक्त विमानाजवळ राहायचंय. तुम्ही याच ब्रँचमधून एअर कमोडोर होऊन रिटायर झालात. मोठ्या पोस्टवर गेल्यावर विमान उरतं का, का नुसत्या फाइली?"

अगं, आधी मनापासून अभिनंदन. एसएसबीत पहिल्याच दिवशी किती पोरं बॅग उचलून परत जातात ते तू स्वतः बघितलंयस, मग पुढचे चार दिवस, मग मेडिकल, मग मेरिट, हे सगळं पार करून आलेली पोरगी "जाऊ का" असं विचारते तेव्हा मला जरा वाईट वाटतं, पण घरचे दोघं मोठे नको म्हणतायत तर विचारणारच. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना तुझ्यापेक्षा तुझ्या पप्पांचाच विचार जास्त केला.

काकांचं आधी घेतो, कारण ते लवकर संपतं. चीफबद्दल ते म्हणतात ते खरंच आहे. आजपर्यंतचे सगळे एअर चीफ मार्शल, म्हणजे एअरफोर्सचे प्रमुख, फ्लाइंग ब्रँचचे. आपल्या मराठी माणसांतून चौघं त्या खुर्चीवर बसले, मूळगावकर, टिपणीस, नाईक आणि २०२४ ला रिटायर झालेले नांदेड जिल्ह्यातले चौधरी, चौघंही फायटर पायलट. टेक्निकलचा माणूस एअर मार्शलपर्यंत, म्हणजे चीफच्या एकच पायरी खाली, जातो. दिल्लीला एअर हेडक्वार्टरमध्ये एअर ऑफिसर इन चार्ज मेंटेनन्स अशी पोस्ट असते, आम्ही एओएम म्हणतो, पूर्ण एअरफोर्सच्या मेंटेनन्सची जबाबदारी त्या एका माणसावर. आणि दुसरी आपल्या नागपुरात, मेंटेनन्स कमांडचा प्रमुख. देशभरातले रिपेअर डेपो, इक्विपमेंट डेपो सगळे त्या कमांडखाली येतात. तर काकांना सांग की वर एकच खुर्ची आपली नाही, बाकी जिना आहे आणि तो चांगला लांब आहे.

तो जिना कसा चढतात तेपण सांगतो, कारण घरी कुणाला माहीत नसतं. कमिशन मिळालं, म्हणजे ऑफिसर म्हणून नेमणूक झाली, की फ्लाइंग ऑफिसर. नाव फ्लाइंग असलं तरी ही रँक आहे, उडवणाऱ्याची आणि न उडवणाऱ्याची एकच, पप्पांना हे सांग, त्यांना बरं वाटेल. दोन वर्षांनी फ्लाइट लेफ्टनंट, सहा वर्षांनी स्क्वॉड्रन लीडर, तेरा वर्षांनी विंग कमांडर. इथपर्यंत डिपार्टमेंटल परीक्षा, मेडिकल आणि रिपोर्ट नीट असले की वेळेवर मिळतं. ग्रुप कॅप्टनपासून पुढे मात्र बोर्ड बसतं, जागा मोजक्या असतात आणि चांगले चांगले लोक तिथे थांबतात. माझ्या कोर्समधले माझ्यापेक्षा हुशार दोघं विंग कमांडरला थांबले आणि मी पुढे गेलो. मला अजून ते नीटसं पटलेलं नाही.

आता पप्पा. खरं उत्तर मला त्यांनाच द्यायचंय, तर हा भाग त्यांना मोठ्यानं वाचून दाखव.

पप्पा, तुमच्या डेपोतून सकाळी चिपळूणची गाडी निघते ती कुंभार्ली घाटातून जाते. आदल्या रात्री ड्रायव्हरनं ब्रेकची तक्रार लिहिलेली असते, तुम्ही ती गाडी खाली घेता, बघता, दुरुस्त करता आणि मग गाडी रूटवर सोडता. पन्नास माणसं त्या गाडीत बसतात, त्यातल्या एकालाही तुमचं नाव माहीत नसतं. तुम्हाला ब्रेकची शंका असताना कुणी "सोडा हो, लेट होतंय" म्हणालं म्हणून तुम्ही गाडी सोडली असेल असं मला वाटत नाही, कारण तसं असतं तर तुमच्या मुलीला या कामाची ओढच लागली नसती. एअरफोर्समधला टेक्निकल ऑफिसर हेच करतो. फरक एवढाच की घाटात गाडी बिघडली तर ड्रायव्हर ती कडेला घेऊ शकतो, वर कडेला घ्यायला जागा नाही.

तर ग, प्रत्येक विमानाचं एक पुस्तक असतं, फॉर्म ७००. आम्ही नुसतं सातशे म्हणायचो. विमान खाली आलं की पायलट त्यात स्नॅग लिहितो, म्हणजे काय बिघडलं, काय वेगळं वाटलं. मग एअरफ्रेमवाला, इंजिनवाला, इलेक्ट्रिकलवाला, रेडिओवाला, वेपनवाला आपापलं काम करून आपापली सही करतो, त्यावर सुपरवायझरची सही, आणि मोठं काम असेल तर इंजिनिअरिंग ऑफिसरची. शेवटी पायलट येतो, सगळं वाचतो, सही करतो आणि त्या सहीनंतर विमान त्याचं. खाली येईपर्यंत तो या सगळ्या सह्यांवर बसलेला असतो. माझी सगळी नोकरी त्या पुस्तकाभोवती गेली असं म्हटलं तरी चालेल. कशावर सही केली आणि कशावर नाही केली, टेक्निकल ऑफिसर एवढ्यावरच ओळखला जातो, रँक कुठलीपण असू दे.

एक रात्र सांगतो. माझी पहिली पोस्टिंग, पश्चिमेकडचा एक फायटर बेस, मे महिना, हँगरचा पत्रा रात्री नऊलासुद्धा गरम. आमच्याकडे टूल बोर्ड असतो, प्रत्येक हत्याराची आकृती बोर्डवर रंगवलेली, स्पॅनर त्याच्या जागी लटकवला की आकृती झाकली जाते आणि काढला की रिकामी आकृती लांबूनपण दिसते. त्या रात्री काम संपवून हत्यारं मोजली तर दहा मिलिमीटरच्या सॉकेटची जागा रिकामी. इवलासा सॉकेट, अंगठ्याच्या पेराएवढा. दिवसभरात चार विमानांवर काम झालेलं. आमचे वॉरंट ऑफिसर तामिळनाडूचे होते, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे आणि मला सर म्हणायचे, ते शांतपणे म्हणाले, "सर, जब तक नहीं मिलेगा, एक भी जहाज नहीं उड़ेगा." आणि चारही विमानांच्या सातशेमध्ये लाल शाईनं लिहून टाकलं.

सकाळी सहाचं फ्लाइंग ठरलेलं. अकराच्या सुमारास एका सीनिअरचा फोन आला, बाहेर टारमॅकवर, विमानं उभी करतात तिथे, पडला असेल कुठेतरी, उजाडल्यावर शोधा, दोन विमानं तरी द्या. मी २३ वर्षांचा, सर्व्हिस जेमतेम वर्षाची, रिसीव्हर धरलेला हात ओला झाला होता. वॉरंट ऑफिसर समोर उभे होते, काही बोलले नाहीत, नुसते उभे राहिले. मी म्हणालो सर, मिळेपर्यंत देता येणार नाही. पलीकडून जे ऐकायला मिळालं ते इथे लिहीत नाही. मग आम्ही बारा जण, टॉर्च आणि दांडीवरचे छोटे आरसे घेऊन एकेक पॅनल उघडत बसलो. अडीचला एका कॉर्पोरलनं हाक मारली. तिसऱ्या विमानात, कॉकपिटच्या तळाला, सीटच्या मागे, विमान वळवणाऱ्या कंट्रोल रॉडपासून दोन बोटांवर तो सॉकेट पडला होता, टॉर्चच्या उजेडात चमकत होता. विमान उलटं झालं असतं, पायलटनं जोरात स्टिक ओढली असती, तर तो कुठे जाऊन अडकला असता ते सांगता येत नाही, आणि तेच भीतीचं आहे. सकाळी त्याच विमानाचा पायलट आला, रात्रीची लाल शाई वाचली, माझ्याकडे एकदा बघितलं, माझंच पेन मागून घेतलं, सही केली आणि शिडी चढला. आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही.

पप्पांना विचार, याला ग्रीसमध्ये हात घालणं म्हणायचं का. म्हटलं तरी मला चालेल.

मेकॅनिक या शब्दावरून अजून एक गोष्ट, ही प्रत्येक टेक्निकल ऑफिसरला माहीत असायला हवी पण बाहेर कुणाला माहीत नसते. एअरफोर्सची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची, आणि पहिली फ्लाइट उभी राहिली १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोडला, चार वापिती विमानं, मूठभर ऑफिसर आणि काही हवाई सिपाही. या हवाई सिपाह्यांत एक हरजिंदर सिंग होते, लाहोरच्या मॅक्लॅगन इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले, म्हणजे शिक्षणानं इंजिनिअर आणि भरती मात्र साध्या सिपाहीच्या जागेवर. १९४२ ला ब्रह्मदेशात नंबर १ स्क्वॉड्रन ही एअरफोर्सची तुकडी लायसँडर विमानं घेऊन गेली, ही विमानं टेहळणीची, पण जपान्यांच्या तळावर हल्ला करायचा होता तर तिथल्या तिथे जुगाड करून त्याला अडीचशे पौंडी बॉम्ब लटकवायची सोय केली गेली, तेव्हा स्क्वॉड्रनच्या टेक्निकल कामाचा सगळा भार वॉरंट ऑफिसर हरजिंदर सिंगांवर होता. आणि तोच माणूस पुढे एअर व्हाइस मार्शल झाला, मेंटेनन्स कमांडचा प्रमुख झाला, आणि त्यांच्याच देखरेखीखाली कानपूरला जुळणी केलेलं पहिलं ॲव्रो वाहतूक विमान १ नोव्हेंबर १९६१ ला उडालं. ती ॲव्रो विमानं एअरफोर्सनं पुढे साठ वर्षं वापरली. सिपाही ते एअर व्हाइस मार्शल, हातात स्पॅनर घेऊन. मेकॅनिक ही शिवी असेल तर मग ही शिवी मला पण द्या.

आणि तू म्हणशील हे जुनं झालं, तर कारगिल घे. मिराज विमान फ्रान्सचं, टार्गेट दाखवणारा लायटनिंग पॉड इस्रायलचा, हजार पौंडी बॉम्ब वेगळाच, त्याच्यावरचं लेझर किट अमेरिकन पद्धतीचं, या चौघांची आधी कधी ओळख नव्हती. लढाई सुरू असताना आपल्या टेक्निकल लोकांनी आणि टेस्टिंगवाल्यांनी हे सगळं एकमेकांशी बोलतं केलं, आणि २४ जून १९९९ ला टायगर हिलवर बॉम्ब पडला तो नेमका जागेवर पडला. टीव्हीवर पायलट दिसले, दिसायलाच पाहिजेत, जीव त्यांचा होता. पण त्या आधीच्या रात्री कोण जागलं होतं हे आपल्याला माहीत असलं की पुरे. तसंच ब्राह्मोसचं, अडीच टनांचं क्षेपणास्त्र सुखोईच्या पोटाखाली बसवलं आणि नोव्हेंबर २०१७ ला पहिल्यांदा डागलं, त्यासाठी विमानाच्या बांध्यातले बदल एचएएल या सरकारी विमान कंपनीनं केले पण विमानाचं सॉफ्टवेअर एअरफोर्सच्या इंजिनिअरांनी स्वतः लिहिलं. तू आता हिंजवडीत डिझाईन करतेस, त्यातलं किती तुला प्रत्यक्ष हाताला लागतं ते तुझं तुलाच माहीत.

आता तुझा खरा प्रश्न, मोठं झाल्यावर विमान उरतं का. खोटं सांगणार नाही, लांब जातं. पहिली सात-आठ वर्षं तू रोज विमानाजवळ असशील, सकाळी सगळ्यांबरोबर रांगेत चालत टारमॅकवरचे खडे वेचशील कारण एक खडा इंजिनात गेला की ब्लेडं जातात. स्क्वॉड्रन लीडर झालीस की माणसं आणि शिफ्टा सांभाळशील. विंग कमांडरला स्क्वॉड्रनची सीनिअर इंजिनिअरिंग ऑफिसर, म्हणजे सकाळी सीओ, स्क्वॉड्रनचा प्रमुख, विचारणार आज किती विमानं, आणि आकडा तू सांगायचा. पुढे पर्मनंट कमिशन, म्हणजे कायमची नोकरी, मिळालं तर ग्रुप कॅप्टनला पूर्ण बेसची चीफ इंजिनिअरिंग ऑफिसर. त्याच्या पुढे डेपो, कमांड, दिल्ली. मधे मधे कोर्स, कुणाला तामिळनाडूतल्या वेलिंग्टनचं स्टाफ कॉलेज, कुणाला पुण्यात गिरीनगरच्या डायट या संरक्षण खात्याच्या संस्थेत किंवा आयआयटीत एमटेक.

फाइली असतात, भरपूर असतात. पण त्या फाइलीत काय असतं ते ऐक. रशियाचं विमान, पार्ट तिकडून येणार, तिकडे २०२२ पासून लढाई चालू, पार्ट येत नाही. विमान उभं. मग तो पार्ट इथे बनवता येईल का, कोण बनवेल, कुठला धातू, कोण टेस्ट करणार, कोण पास करणार, आणि पास करणाऱ्यानं सही करायची म्हणजे पुन्हा आपण तिथेच आलो. हँगरमध्ये मी एका विमानावर सही करायचो, डेपोत गेल्यावर एका निर्णयावर सही केली की त्या जातीच्या सगळ्या विमानांवर ती सही जायची. वीस वर्षं आधी सॉकेट शोधला नसता तर ही सही करताना हात थरथरला नसता, आणि तो थरथरायलाच पाहिजे.

नाशिकजवळ ओझरला एचएएलचा कारखाना आहे हे महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत, मिग तिथे बनली, सुखोई तिथे बनलं, २०२५ च्या ऑक्टोबरात तिथून पहिलं तेजस उडालं तेव्हा पेपरात पण आलं. पण त्याच ओझरला एअरफोर्सचा स्वतःचा ११ बेस रिपेअर डेपो आहे ते फार कुणाला माहीत नसतं. फायटर विमानाचं ओव्हरहॉल करणारा एअरफोर्सचा हा एकमेव डेपो. आधी मिग करायचे, मग मिग २९, आणि त्यांनी ओव्हरहॉल केलेलं पहिलं सुखोई एप्रिल २०१९ ला एअरफोर्सच्या ताब्यात दिलं. ओव्हरहॉल म्हणजे विमान पार उघडं करायचं. इंजिनं काढायची, सीटा काढायच्या, वायरिंग, पाइप, टाक्या, रंगसुद्धा खरवडून काढायचा, नुसता सांगाडा उरतो, आणि मग प्रत्येक तुकडा तपासून बदलून दुरुस्त करून पुन्हा जोडायचं आणि उडवून बघायचं.

असल्या डेपोत मी बघितलेली एक गोष्ट कधीच विसरणार नाही. लँडिंग गिअरचा एक भाग टेबलावर ठेवला होता, धुऊन पुसून लख्ख, डोळ्यांना एकदम नवा. तपासणाऱ्या सार्जंटनं त्यावर लाल डाय लावला, जरा वेळ ठेवला, पुसला, मग वर पांढऱ्या पावडरीचा फवारा मारला. सगळा भाग पांढरा झाला. आम्ही बघत उभे. आणि मिनिटभरानं त्या पांढऱ्यावर कोपऱ्यात एक लाल रेघ उमटायला लागली, केसाएवढी, नखाएवढ्या लांबीची, हळूहळू वर आली जशी शाई टिपकागदावर येते. तडा होता. डोळ्याला दिसत नव्हता, हाताला लागत नव्हता, फक्त डाय त्याच्यात शिरला होता आणि पावडरीनं तो बाहेर ओढला. त्या एका रेघेनंतर बाकी विमानांचा तोच भाग कधी आणि कसा तपासायचा यावर आम्ही कितीतरी दिवस कागद केले. हो, त्या फाइलीच होत्या. तर विमान उरतं, पण ते असं उरतं. हे तुला आवडणार असेल तर वरपर्यंत आवडेल, आणि फक्त इंजिनाचा आवाज आणि जेट ब्लास्टचा वास आवडत असेल तर तीही चांगलीच गोष्ट आहे पण मग विंग कमांडरच्या पुढे जीव रमणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

दहा वर्षांचं. इथे काकांचं म्हणणं हलक्यात घेऊ नकोस. शॉर्ट सर्व्हिस म्हणजे दहा वर्षं, पुढे चार वाढवून मिळू शकतात, आणि पेन्शन नाही, पेन्शनसाठी पर्मनंट कमिशनची वीस वर्षं लागतात. पर्मनंटचा विचार होतो पण ते जागा आणि एअरफोर्सची गरज यावर असतं, त्यावर आत्तापासून घर बांधू नकोस. तू ३४ किंवा ३८ ची असताना बाहेर पडशील असं धरूनच चाल. ट्रेनिंगमध्ये महिना ५६,१०० स्टायपेंड आहे, नंतर पगार, मिलिटरी सर्व्हिस पे, राहणं, खाणं, मेडिकल, म्हणजे हिंजवडीत भाडं भरून जे उरतं त्यापेक्षा हातात बरंच जास्त राहील, तर पहिल्या महिन्यापासून बाजूला टाकत जा. आणि एक चूक बरेच जण करतात ती करू नकोस, विमानावर दहा वर्षं काम केलं म्हणून सिव्हिलमध्ये विमान दुरुस्तीचं लायसन्स लगेच मिळत नाही, त्याच्या परीक्षा वेगळ्या, नियम वेगळे. सर्व्हिसमध्ये असतानाच आठव्या वर्षापासून त्याची तयारी ठेवायची, किंवा एमटेक, किंवा क्वालिटीचं काम. विमान दुरुस्तीचे सेंटर वाढतायत, आपल्या नागपूरला मिहानमध्येच एअर इंडियासाठी उभारलेलं मोठं सेंटर आहे. ३४ व्या वर्षी शंभर माणसं सांभाळलेली आणि रात्री अडीचला नाही म्हणायला शिकलेली इंजिनिअर कुठल्याही कंपनीला नको असेल असं मला वाटत नाही.

मुलगी म्हणून वेगळं काही विचारलं नाहीस, बरं केलंस, तरी थोडं लिहितो. ग्राउंड ड्यूटीच्या ब्रँचमध्ये मुली १९९३ पासून आहेत, म्हणजे तू जन्मायच्या आधीपासून, टारमॅकवर तुला बघून कुणी थांबणार नाही. आणि दारं उघडत जातात. हीना जयस्वाल २०१५ ला तुझ्यासारखीच इंजिनिअरिंग ब्रँचमध्ये कमिशन झाली, मिसाइल स्क्वॉड्रनमध्ये काम केलं, फ्लाइट इंजिनिअरची, म्हणजे उडताना विमानाच्या यंत्रणांवर लक्ष ठेवणाऱ्याची, जागा मुलींना २०१८ ला खुली झाली आणि २०१९ ला ती एअरफोर्सची पहिली महिला फ्लाइट इंजिनिअर झाली, हेलिकॉप्टरमध्ये बसून. २०२१ ला आश्रिता ओलेटी पहिली महिला फ्लाइट टेस्ट इंजिनिअर झाली, म्हणजे नवीन विमान, नवीन यंत्रणा हवेत तपासणारी. चष्म्यामुळे पायलट होता आलं नाही हे मनातून अजून गेलं नसेल तर या दोन्ही जागांची माहिती काढून ठेव, मेडिकलच्या अटी नीट वाच.

त्रास कुठे होईल तेपण सांगतो. तुझ्या हाताखाली पहिल्या दिवशी चाळीस एअरमन, म्हणजे ऑफिसर नसलेले हवाई सैनिक, असतील, त्यातले निम्मे तुझ्या पप्पांच्या वयाच्या जवळचे, आणि विमान तुझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. पहिले सहा महिने त्यांच्याकडून शिक, उघडपणे शिक, "साहेब हे मला दाखवा" असं म्हणायला लाजू नकोस, पण सही मागितली की समजल्याशिवाय करू नकोस. त्यांनाही तेच हवं असतं. डिग्री आहे म्हणून मान डोलावत सही करणारा ऑफिसर त्यांना लगेच ओळखू येतो आणि मग त्याला कुणी काही सांगत नाही, आणि ज्याला कुणी काही सांगत नाही तो ऑफिसर धोक्याचा. दोन-तीन वर्षांनी बदली, कधी आसाम कधी राजस्थान, कधी नशीब असेल तर पुणे लोहगाव. घरचे सण हुकतील. लग्नाचं जमवताना बदलीचा प्रश्न येणारच, तो आधीच मोकळेपणानं बोलायचा.

मी तुझ्या जागी असतो तर गेलो असतो. मी गेलोच होतो. माझेही वडील नाराज होते, कारण वेगळं होतं, आमच्याकडे शेती होती आणि मी थोरला.

तुझ्या पप्पांबद्दल शेवटचं. ग्रीस म्हणतात ते, पण मला वाटतं त्यांना बोचतं ते वेगळं आहे, इतकी वर्षं गाड्या नीट सोडल्या आणि कुणी विचारलं नाही. तू जायच्या आधी जे दिवस घरी असशील ना, त्यांच्याकडून दोन गोष्टी शिकून जा. बेअरिंग खराब व्हायला लागलं की आवाज कसा बदलतो ते, आणि बोल्ट किती आवळायचा हे टॉर्क रेंच हातात नसताना हाताला कसं कळतं ते. एअरफोर्समध्ये रेंचशिवाय कुणी आवळू देणार नाही, पण हाताला माहीत असलेला माणूस रेंच चुकीचा सेट झालाय हे ओळखतो. त्यांना सांग की सरांनी शिकायला सांगितलंय. आणि पासिंग आऊट परेडला त्यांना घेऊन जा, काकांनापण.

कंपनीचा नोटीस पिरियड किती आहे ते पत्रात लिहिलं नाहीस. दोन महिन्यांचा असेल तर राजीनामा याच आठवड्यात टाक, आणि लॅपटॉप परत करून रिलीव्हिंग लेटर हातात घेतल्याशिवाय निघू नकोस.